साठ ओहमचा हिशोब

१. इंजिन ठणठणीत, मग मशीन का अडतं?

चावी फिरवली, इंजिन एका दमात सुरू झालं. टाकीत डिझेल आहे, हायड्रॉलिक तेलाची पातळी बरोबर आहे. तरी रेस वाढत नाही, समोरच्या पडद्यावर तापमानाच्या जागी नुसत्या रेघा दिसतात आणि वर पिवळा दिवा. नेमकं बिघडलंय काय? हा प्रश्न जेसीबीचा मालक विचारतो, ऑपरेटर विचारतो आणि ज्याचं शेततळं अर्धं खणून पडलंय तो शेतकरी तर जरा चढ्या आवाजातच विचारतो. त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं : "ईसीएम गेला, दादा." ईसीएम म्हणजे इंजिन सांभाळणारी संगणकाची पेटी. ती महाग असते, मागवावी लागते, आणि येईपर्यंत मशीन बांधावर उभं राहतं.

हे उत्तर कधी कधी बरोबर निघतं. पण ते पहिलंच उत्तर असू नये, एवढं दाखवण्यासाठी हे प्रकरण लिहिलं आहे.

उदाहरणं घेतली आहेत ती न्हावरे परिसरातली. न्हावरे हे शिरूर तालुक्यातलं, घोडगंगा साखर कारखान्याचं गाव. तळेगाव दाभाड्याहून चाकण, शिक्रापूर असा येणारा ५४८-डी राष्ट्रीय महामार्ग इथून श्रीगोंद्याच्या दिशेने जातो, आणि दक्षिणेला चौफुल्याचा रस्ता दौंड तालुक्यात उतरतो. याच महामार्गाच्या पश्चिम टोकाला, तळेगाव-चाकण पट्ट्यात, जेसीबी, ह्युंदाई, सॅनी यांचे बांधकाम यंत्रांचे कारखाने आहेत. म्हणजे मशीन जिथे तयार होतं तिथून न्हावऱ्यापर्यंत सरळ रस्ता आहे. मशीन दुरुस्त करण्याचं ज्ञान मात्र त्या रस्त्याने तेवढ्या वेगाने आलेलं नाही.

२. खोदायच्या यंत्रात संगणक शिरला कसा?

जुन्या बॅकहो लोडरमध्ये रेसच्या लिव्हरपासून डिझेल पंपापर्यंत एक पोलादी केबल असायची. केबल तुटली तर ती डोळ्यांना दिसायची आणि संध्याकाळपर्यंत बदलून व्हायची. डिसेंबर २०१४मध्ये सुरू झालेलं जलयुक्त शिवार, २०१६ची 'मागेल त्याला शेततळे' योजना, मग धरणांतला गाळ काढण्याची कामं अशा निमित्तांनी गावोगावी यंत्रं फिरली. त्या यंत्रांतली कितीतरी अशीच होती, पान्ह्याने समजणारी.

बदल घडवला तो धुराच्या नियमांनी. १ एप्रिल २०२१पासून बॅकहो लोडरसारख्या चाकांच्या बांधकाम यंत्रांना भारत स्टेज-४ लागू झालं, आणि १ जानेवारी २०२५पासून पुढची पायरी, स्टेज-५. इतका स्वच्छ धूर हवा असेल तर प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल किती आणि कोणत्या क्षणी सोडायचं हे इंजिनाच्या दर फेऱ्याला नव्याने ठरवावं लागतं. ते काम केबलचं नाही. म्हणून इंजिनाला ईसीएम आला, अनेक यंत्रांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक पंपालाही स्वतःच्या पेट्या आल्या, पडदा हाही एक छोटा संगणकच झाला. काही इंजिनांच्या सायलेन्सरपाशी नायट्रोजनचे ऑक्साइड मोजणारा सेन्सर असतो. तोसुद्धा स्वतः हिशोब करून उत्तर पाठवतो.

आता या साऱ्यांना एकमेकांशी बोलायला हवं. प्रत्येक पेटीपासून प्रत्येक पेटीकडे वेगळी तार ओढायची ठरवली तर मशीनभर तारांचे जुडगे होतील. मोटारींच्या बाबतीत हीच अडचण जर्मनीतल्या बॉश कंपनीपुढे होती. तिने तोडगा काढला आणि फेब्रुवारी १९८६मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटच्या अभियंता परिषदेत मांडला : सगळ्यांसाठी मिळून दोनच तारा. या पद्धतीला कॅन म्हणतात. पुढे ट्रक, ट्रॅक्टर आणि बांधकाम यंत्रांसाठी त्यावर एक ठरावीक भाषा बसवण्यात आली, तिचं नाव जे-१९३९. आपल्याकडच्या डिझेल यंत्रांत बहुधा हीच असते. काही कंपन्या तिच्या जोडीला स्वतःची खासगी भाषाही वापरतात.

३. दोन तारांवर गप्पा

शिरूर तालुक्यात चासकमान धरणाच्या कालव्याचं आवर्तन सुटणार असलं की गावात भोंग्यावरून पुकारा होतो. पुकारा एकाच्या नावाने नसतो, तो सगळ्यांच्या कानावर पडतो. ज्याची पाळी आहे तो फावडं उचलतो, बाकीचे आपलं काम चालू ठेवतात. कॅनच्या तारांवर असंच चालतं. ईसीएम 'इंजिनाचे फेरे इतके' असं जाहीर करतो. पडद्याला ते दाखवायचं असतं, म्हणून तो ते उचलतो. गिअरबॉक्सच्या पेटीला गिअर बदलायचा असतो, तीही उचलते. ज्याला गरज नाही तो सोडून देतो.

फरक वेगाचा. जे-१९३९च्या नेहमीच्या तारांवरून सेकंदाला अडीच लाख बिट जातात, म्हणजे एक बिट फक्त ४ मायक्रोसेकंदांचा. एका पूर्ण निरोपाला अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. निरोपात आधी तो कशाबद्दल आहे याचा क्रमांक, मग जास्तीत जास्त ८ बाइट माहिती, मग चूक पकडण्यासाठी पडताळ्याचे बिट. दोघांनी एकदमच बोलायला सुरुवात केली तर लहान क्रमांकाचा निरोप पुढे जातो आणि दुसरा आपण होऊन थांबतो, पुन्हा बोलतो. कुणाचाच निरोप फाटत नाही. ग्रामसभांना हे अजून जमलेलं नाही.

माहिती कशी भरलेली असते ते एका उदाहरणाने पाहू. इंजिनाच्या पाण्याचं तापमान एका बाइटमध्ये मावतं. नियम असा की आलेल्या आकड्यातून ४० वजा करायचे. तारेवर १३० आलं तर १३० – ४० = ९० अंश सेल्सिअस. वजाबाकी अशासाठी की शून्याखालचं तापमानही त्याच बाइटमध्ये बसावं. मग २५५ आलं तर २१५ अंश? नाही. २५५ हा आकडा 'माहिती उपलब्ध नाही' यासाठी राखून ठेवला आहे, आणि २५४ 'सेन्सरमध्ये दोष' यासाठी. पडद्यावर रेघा दिसतात त्या अशा वेळी, किंवा निरोप मुळात आलाच नाही तर. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिलीत ईसीएम बोलतो आहे, त्याच्या सेन्सरची तक्रार आहे. दुसरीत बोलणंच तुटलं आहे. रेघा एकाच जागी आहेत की सगळीकडे, हे बघण्याची सवय ऑपरेटरने लावून घेतली तर मिस्त्री येण्याआधीच निम्मी चौकशी होते.

४. तारांना पीळ कशासाठी?

या दोन तारांना कॅन-हाय आणि कॅन-लो अशी नावं आहेत, आणि त्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. कुणी बोलत नसताना दोन्हींवर अडीच-अडीच व्होल्ट असतात. बोलताना हाय साडेतीनपर्यंत चढते, लो दीडपर्यंत उतरते. ऐकणारी पेटी फक्त दोघींतला फरक बघते : ३.५ – १.५ = २ व्होल्ट.

आता शेजारून अल्टरनेटरची जाड तार गेली आहे आणि तिच्यामुळे एक व्होल्टाचा झटका बसला असं समजा. तारा पिळलेल्या असल्यामुळे तो दोन्हींना जवळजवळ सारखाच बसतो. हाय ४.५ झाली, लो २.५ झाली. फरक पुन्हा २ व्होल्टच. झटका आला आणि गेला, निरोपाला धक्का नाही. उंदराने कुरतडलेली तार जोडताना दोन सरळ तुकडे लावून वर काळी टेप गुंडाळली, की नेमकं हेच संरक्षण तेवढ्या लांबीपुरतं जातं. मशीन लगेच बंद पडत नाही, म्हणून जोड चांगला झाला असं वाटतं. जोडायचंच असेल तर पिळलेली जोडीच वापरावी आणि पीळ सांध्याच्या शक्य तितका जवळ आणावा.

५. कोड खरं तर काय सांगतो?

जे-१९३९मधल्या दोषाच्या कोडला दोन भाग असतात. पहिला आकडा कशाबद्दल तक्रार आहे ते सांगतो, दुसरा तक्रार कोणत्या प्रकारची आहे ते. ११० म्हणजे इंजिनाच्या पाण्याचं तापमान, १९० म्हणजे इंजिनाचे फेरे, ६३९ म्हणजे निरोपांचं जाळंच. दुसऱ्या भागातला ३ म्हणजे व्होल्टेज गरजेपेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे विद्युत्‌प्रवाह कमी किंवा तार तुटलेली, ९ म्हणजे निरोप ठरल्या वेळी येत नाही, १९ म्हणजे तारेवरून आलेल्या माहितीतच दोष.

यातला ९ नीट समजून घ्यायला हवा. गिअरबॉक्सच्या पेटीने '९' लिहिला याचा अर्थ एवढाच की तिला ज्या निरोपाची वाट होती तो तिच्यापर्यंत आला नाही. पाठवणारा गप्प होता, की वाटेत तार तुटली, की ऐकणारीचाच कान गेला, हे त्या कोडला ठाऊक नसतं. तक्रार कोणी केली हे कोडवरून कळतं. चूक कोणाची हे शोधायचं काम आपलं. 'ईसीएमकडून निरोप नाही' असं वाचून ईसीएम बदलणं म्हणजे कोडने न केलेलं विधान त्याच्या तोंडी घालणं.

म्हणून कोड एकटा वाचू नये. सगळ्या पेट्यांचे कोड कागदावर उतरवावेत आणि कोण कोणाबद्दल तक्रार करतंय ते बघावं. सगळे एकाच पेटीबद्दल बोलत असतील तर ती पेटी, तिचा वीजपुरवठा किंवा तिच्याकडे जाणारी तारांची फांदी संशयित. सगळेच सगळ्यांबद्दल तक्रार करत असतील तर मुख्य तारांमध्ये कुठेतरी शॉर्ट शोधावा. कोड पुसण्याची घाई नको. कागदावर उतरवण्याआधी पुसलेला कोड म्हणजे हरवलेला साक्षीदार.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. प्रत्येक पेटी स्वतःच्या चुकांचा हिशोब ठेवते. निरोप पाठवताना चूक झाली की खात्यात ८ गुण चढतात, नीट गेला की १ उतरतो. खातं २५५च्या पुढे गेलं की पेटी तारांवरून स्वतःला काढून घेते, बाकीच्यांना त्रास नको म्हणून. लागोपाठ ३२ चुका झाल्या तर ३२ × ८ = २५६, खेळ संपला. नंतर काही पेट्या पुन्हा प्रयत्न करतात, काही चावी बंद-चालू करेपर्यंत गप्प राहतात. 'चावी बंद करून परत लावली की चालतं' या वाक्यामागे बऱ्याचदा हीच गोष्ट असते.

६. मल्टिमीटरने करायची पहिली परीक्षा

मुख्य तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. तो नसला तर टोकाला पोचलेला संकेत उलटा फिरून पुढच्या बिटांत मिसळतो. कुठे हा रोध टोपीसारख्या वेगळ्या प्लगमध्ये असतो, कुठे ईसीएमच्या पोटात. हे दोन रोध समांतर जोडलेले असल्यामुळे हाय आणि लो यांच्यामध्ये मोजलं की १२० च्या निम्मे, म्हणजे ६० ओहम भरतात.

चावी बंद, बॅटरीचा कटऑफ बंद. तपासणीचं गोल, नऊ पिनांचं सॉकेट शोधा. जे-१९३९च्या सॉकेटात ए पिन अर्थिंगची, बी बॅटरीची, सी कॅन-हायची आणि डी कॅन-लोची. वेगळं सॉकेट असेल तर कंपनीचं पुस्तक बघा, अंदाज नको. सी आणि डी यांच्यामध्ये ओहम मोजा. ६०च्या आसपास आले तर मुख्य तारा अखंड आहेत आणि दोन्ही रोध जागेवर आहेत. १२० आले तर एक रोध हरवला किंवा वाटेत तार तुटली. ४० आले तर कुणीतरी तिसरा रोध लावून ठेवलाय. मागाहून बसवलेला एखादा जीपीएस ट्रॅकर अशा वेळी तपासून बघावा. शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. आणि मीटरने 'ओएल' दाखवलं तर त्या सॉकेटपर्यंत जाळं पोचतच नाही.

मग चावी चालू करून व्होल्ट मोजायचे, एकेका तारेचे अर्थिंगशी. मीटर वेगवान चढउताराची सरासरी दाखवतो, म्हणून हायवर अडीचपेक्षा थोडे जास्त, २.६ ते २.८ दिसतात आणि लोवर थोडे कमी, २.२ ते २.४. दोहोंची बेरीज ५च्या जवळ. हायवर १२ किंवा २४ दिसले तर ती बॅटरीच्या तारेला टेकली आहे. शून्य दिसलं तर चेसिसला.

बल्बचा टेस्टर मात्र या तारांना लावू नये. बल्बला लागणारा प्रवाह या नाजूक तारांना देता येत नाही आणि पेटीच्या आतला भाग दुखावू शकतो. तारेच्या कातड्यात सुई टोचून मोजण्याची सवयही वाईट. त्या भोकातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरतं.

ओहम आणि व्होल्ट दोन्ही ठीक निघाले तर गप्प असलेल्या पेटीचा वीजपुरवठा बघायचा. फ्यूज आणि रिले सगळेच बघतात, अर्थिंग कोणी बघत नाही. बोल्टाखाली रंग किंवा गंज राहिल्यामुळे फक्त ०.१ ओहमचा अडथळा आला आणि तिथून १० अँपिअर वाहत असतील तर ०.१ × १० = १ व्होल्ट तिथेच खर्च होतो. त्या पेटीची 'जमीन' इतरांपेक्षा एक व्होल्ट वर उचलली जाते. बॅटरी नवी असूनही.

७. एक काल्पनिक मशीन, पायरीपायरीने

समजा, चौफुला रस्त्याकडेला गटार खोदणारा बॅकहो लोडर आहे. सकाळी ठीक चालतो. दोनेक तासांनी, खडकाळ जागेत गेला की पडदा रेघा दाखवतो, रेस बसते. थोड्या वेळाने सगळं आपोआप परत येतं. पडद्याने आणि गिअरबॉक्सच्या पेटीने ६३९-९ लिहिलंय. दोघांचीही तक्रार इंजिनाकडून निरोप नाही अशी. इथेच कोणीतरी ईसीएमची किंमत विचारायला फोन लावतो.

फोन ठेवा. कटऑफ बंद करून केबिनमधल्या सॉकेटात मोजलं : ६० ओहम. म्हणजे आत्ता, मशीन उभं असताना, काहीच तुटलेलं नाही. दोष हलताना उघडतो, म्हणून मीटर लावून ठेवून दुसऱ्या माणसाने तारांचा हार्नेस वीतवीत हलवत जायचं. केबिनच्या तळाशी आकडा ६०च राहिला. केबिन आणि इंजिन यांच्यामधल्या पत्र्याजवळ तो ६० वरून १२० वर उडाला, परत ६० झाला.

१२० म्हणजे सॉकेटला केबिनकडचा रोध दिसतोय आणि इंजिनाकडचा दिसेनासा होतोय. पत्र्यावरचा मोठा कनेक्टर उघडला. केबिनकडच्या अर्ध्यात मोजलं : १२०, हलवूनही स्थिर. ही बाजू सुटली. इंजिनाकडच्या अर्ध्यात मोजलं : १२०, पण तार हलकेच ओढली की 'ओएल'. मागून निरखल्यावर दिसलं की कॅन-लोची पिन खाचेतून मागे सरकली आहे. तिचं कुलूप तुटलंय, बहुधा कुणीतरी कनेक्टर उघडताना तार धरून ओढली होती. नवी पिन, योग्य पकडीने दाबलेली, नवं कुलूप. मग हार्नेसची सैल पडलेली क्लिप नीट बसवली, कारण ती नसती तर तीच पिन पुन्हा सुटली असती.

ईसीएम सबंध वेळ बोलत होता. नवा ईसीएम बसवला असता तर त्याच तुटक्या तारेच्या मागे बसून तोही तितकंच बोलला असता. कदाचित कनेक्टर उघडून बंद करताना पिन तात्पुरती जागेवर बसली असती, मशीन आठवडाभर चाललं असतं आणि ईसीएमच खराब होता याची सर्वांना खात्री पटली असती. असे खोटे विजय या धंद्यात सर्वांत महागात पडतात.

८. बिघाड राहतो कुठे?

पेट्या बंद डब्यात असतात, तारा उघड्यावर. त्यामुळे शोध तारांपासून सुरू करावा. बूमच्या सांध्यापाशी तार रोज हजारदा वाकते. क्लिप निसटली की पत्र्याच्या कडेवर घासते. प्रेशर वॉशरने धुताना कनेक्टरवर थेट फवारा मारला तर सीलच्या आत पाणी जातं, पिना हिरवट पडतात. या भागात उसाचा पट्टा असल्यामुळे उंदरांचा उपद्रव वेगळाच. तोड झाली की फडातले उंदीर आसरा शोधतात, आणि शेताच्या कडेला चार दिवस उभं राहिलेलं मशीन त्यांना आयतं सापडतं. सीटखाली आणि बॅटरीपेटीशेजारी लेंड्या दिसल्या तर तिथला हार्नेस उघडून बघावा.

मागाहून जोडलेल्या वस्तू हा आणखी एक संशय. जास्तीचे एलईडी दिवे, ट्रॅकर, गाणी वाजवायचा संच : यांची वीज कुठून घेतली, जवळच पिवळी-हिरवी पिळलेली जोडी दिसली म्हणून त्यातूनच तर नाही ना, हे बघावं. जे-१९३९मध्ये पिवळा रंग हायचा आणि हिरवा लोचा, पण सगळ्या कंपन्या तो पाळतातच असं नाही.

९. वेल्डिंगच्या आधी

बकेटचा दात किंवा बूमची भेग जागेवरच वेल्डिंग करून घ्यायची आपल्याकडे रीत आहे. त्यात गैर काही नाही. पण वेल्डिंगचे शेकडो अँपिअर परतीची वाट शोधतात, आणि अर्थिंगचा चिमटा जर लांब मागच्या चाकापाशी लावला तर ती वाट बेअरिंगांतून, चेसिसच्या सांध्यांतून आणि संगणकाच्या अर्थिंगमधूनही जाऊ शकते. म्हणून आधी बॅटरीचा कटऑफ बंद करायचा, बॅटरीची ऋण केबल काढायची, कंपनीच्या पुस्तकात सांगितलं असेल त्या पेट्यांचे कनेक्टर सोडवायचे आणि चिमटा वेल्डिंगच्या जागेच्या शक्य तितका जवळ, रंग खरवडून लावायचा. काम झाल्यावर सगळं जोडून चावी लावण्याआधी सी आणि डी पिनांवर पुन्हा ओहम मोजायचे आणि आलेला आकडा तारखेसह सर्व्हिसच्या वहीत लिहायचा. पुढच्या वेळी मशीन अडलं तर ताडून पाहायला तोच आकडा हाताशी असेल.